दारातून सांगितलेली गाठ

वच्छला,

तुझ्या तेरवीला दहा दिवस झाले होते. मांडव निघाला, मागून आणलेली भांडी ज्याची त्याच्या घरी पोचली, आपली मीना तळेगावला तिच्या घरी परतली. आणि दुपारी मी ओसरीवर एकटा बसलो असताना तिचा फोन आला. सुनेनं, आपल्या रमेशच्या सवितानं, फोन माझ्या कानाला लावून दिला आणि ती अंगणात कपडे वाळू घालायला गेली.

"बाबा, जेवले का?"

"हो."

"रमेश उद्या आर्वीले येणार हाये म्हणे बियाण्यासाठी. त्याच्यासंग थोडा लेप धाडून देजा ना."

"कोणाले पायजे?"

"एक बाई हाये."

"काय झालं तिले?"

तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "गाठ हाये, बाबा. छातीत."

फोन बंद झाला आणि माझ्या पाठीमागे दाराच्या चौकटीवर बांगडी वाजली. सविता अंगणात होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी वळलो नाही. फोनवरचा आवाज मीनाचा होता, पण शब्द तुझे होते, अगदी तेच, तेवढेच. एक बाई हाये.

त्या फोनपासून जे झालं ते तुला सांगायचं, म्हणून आज लिहायला बसलो. तोंडानं बोलायला गेलो की सविता धावत येते, "काय पायजे बाबा?" म्हणते. तिला वाटते म्हातारा तिलाच हाक मारतो. चौथी शिकलेला माणूस मी, अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं. पण तुला कुठं वाचायचं आहे? तू ऐकशील. ऊन ओसरीवरून मागं सरकलं की तू त्या दारात टेकून उभी असतेच, मला माहीत आहे. अर्धी आत, अर्धी बाहेर.

आपली सगळी वर्षं त्या दारातच गेली. माझ्या बापाला गुरांचं कळायचं. गाईची कास सुजली, सड लाल झाला, की लांबलांबची माणसं आमच्या घरी यायची. बाप आंबेहळद आणि तीन झाडांचे पाले पाट्यावर वाटून लेप द्यायचा. कोणते पाले ते त्यानं मला मरताना सांगितलं आणि मी कोणाला सांगितलं नाही. मीना झाली तेव्हा तुझं दूध जमलं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. माझी माय म्हणे दृष्ट लागली, लेकराला दूर ठेवा. मी म्हटलं, जे गाईला चालते ते बाईला काऊन चालू नाही? वाटला लेप. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

झालं. मायनं गावभर केलं. किसनाचा लेप, किसनाचा लेप. आंजीच्या बाजारात मला लोक थांबवून विचारायला लागले. माझी छाती फुगली ती चाळीस वर्षं फुगलेलीच राहिली.

बाया यायच्या. कोणी ओली बाळंतीण, कोणी पोरगी, कोणी माझ्याएवढी म्हातारी. ओसरीवरून पदर ओढून सरळ आत जायच्या आणि मी मान खाली घालायचो. तू बाईला मधल्या खोलीत नेऊन पाहायची. मग दारात येऊन सांगायची. "एक बाई हाये. लाल झालं हाये, ताप हाये." नाहीतर, "एक बाई हाये. गाठ हाये, बोटाखाली सरकते." नाव कधी सांगितलं नाही. गावातल्या बायांची अब्रू तुझ्या पोटात होती. मी पाट्यावर वाटायचो, पळसाच्या पानावर काढून उंबऱ्यावर ठेवायचो आणि तू उचलून न्यायची. लाल असो, पांढरी असो, सरकती असो, अडकलेली असो, लेप एकच. मी फार तर आंबेहळद कमीजास्त करायचो. आणि वर सांगायचो, या कामासाठी मी एकाही बाईचं तोंड पाहिलं नाही. याचा केवढा ताठा होता मला!

खोटं कशाला सांगू, तो ताठा अजून पुरता गेला नाही. गेला असता तर हे लिहिणं सोपं झालं असतं.

दोन वर्षांमागं आषाढात, आखाडीला तू दारात आली. "अवो, आयकता का? एक बाई हाये."

"हं."

"गाठ हाये. दुखत नाई. हालत नाई."

"केवढी?"

"सुपारीएवढी."

मी वाटला, पानावर ठेवला, तू नेला. पोळ्याच्या आधी पुन्हा आली. "त्या बाईची गाठ तशीच हाये. थोडी वाढली वाटते." मी म्हटलं, "मंग दोन टाइम लाव म्हणा. धीर नाई बायाले." तू उभीच राहिली. मी म्हटलं, "आणखी काय?" तू म्हणाली, "काई नाई."

दिवाळीच्या तोंडावर तिसऱ्यांदा आली. या वेळी म्हणाली, "तिले दवाखान्यात धाडू का जी?"

तुझ्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. माझं डोकं फिरलं. मी पाट्यावरून मान वर केली नाही. म्हटलं, "ज्याले माह्या लेपाचा भरोसा नाई त्यानं माह्या दारात येऊ नाई. सांग तुह्या बाईले."

तू म्हणाली, "सांगतो."

एवढंच. आणि पान उचलून आत गेली.

संक्रांतीला तुझा हात मुरगळला. सविता तुझं डोकं धुऊन द्यायला न्हाणीत गेली आणि ओल्या हातांनी तशीच बाहेर आली. चाळीस वर्षांत एवढ्या बाया त्या घरात आल्या, पण माझ्यासमोर उभं राहून सरळ माझ्याकडं पाहून बोलणारी सविता पहिली. "बाबा, आईच्या छातीत गाठ हाये. वरची कातडी संत्र्याच्या सालीवानी झाली. उद्या वर्ध्याले नेतो. तुम्ही येता का नाई तेवढं सांगा."

मी म्हटलं, "लेप लावून..."

"लेपाचं नाव काढू नका, बाबा."

गेलो. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात मीनाहून लहान दिसणारी डॉक्टरीण होती. तिनं तुला पडद्याआड नेलं, तपासलं, मग आपल्या दोघांना समोर बसवलं. विचारलं, "आजी, किती दिवस झाले?"

"आखाडीपासून."

"एवढे दिवस आला का नाहीत?"

"दुखत नोती."

"दुखत नाही म्हणून बाया थांबतात. दुखत नाही, हलत नाही, तीच आधी दाखवायची असते. काही लावत होता?"

"लेप."

"कोणी दिला?"

तू माझ्याकडं पाहिलं. मग खाली फरशीकडं पाहिलं आणि म्हणाली, "एका बाईनं."

वच्छला, आखाडी, सुपारीएवढी, दुखत नाई, हालत नाई. सगळं एका ठिकाणी येऊन बसलं. तिथं त्या लोखंडी स्टुलावर मला कळलं की ती बाई कोण होती. डॉक्टरीण म्हणाली, "असल्या बायांचं ऐकत जाऊ नका." आणि मी, चार माणसांत मिशीवर ताव देणारा मी, तोंड उघडलं नाही. तू मला झाकलं आणि मी झाकून घेतलं.

तरी मी तिच्याशी भांडलोच. म्हटलं, डॉक्टरीणबाई, गाठी काय सगळ्या वाईट असतात? ती रागावली नाही. म्हणाली, "नाही बाबा, बहुतेक साध्याच असतात. काहींना तर हातही लावायची गरज नसते. पण कोणती साधी आणि कोणती नाही, हे नुसत्या हातानं ठरत नाही. तपासावं लागते." मी म्हटलं, आमच्याकडं ठरते. ती म्हणाली, "तुम्ही हात लावून पाहिली होती का?"

परक्या बायांची सोड, घरच्या बाईची पाहिली नव्हती.

सुईनं तुकडा काढला. रिपोर्ट यायला आठवडा लागला आणि रिपोर्ट जो होता तो होता. आधी सलाईनमधून औषधं द्यायची, गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, मग मशीनचा शेक, मग रोजची गोळी. डॉक्टरीणनं कागदावर एकाखाली एक लिहून दिलं. ते आपले दवाखान्याच्या बाकावर बसायचे दिवस. मला तिथं जीव नको व्हायचा, आणि तुला, देवाशपथ, करमायला लागलं होतं! शेजारी एक ओली बाळंतीण रडत होती, एका बाजूला सूज आली म्हणून तिनं लेकराला पाजणं बंद केलं होतं. तू तिला म्हणाली, "बंद करू नको बाई, बंद केल्यानं अजून गच्च होते. पाजत राह्य. गोळ्या देतीन ह्या, त्या पुऱ्या घेजो." आतून ती बाहेर आली आणि डॉक्टरीणनं तिला तेच सांगितलं होतं. एका कॉलेजातल्या पोरीला तू म्हणाली, "गोटीवानी सरकते ना? मंग घाबरू नको पोरी. पण फोटो काढून घे, मनानं ठरवू नको." तिला सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणून सोडलं. दुसरं काही केलं नाही.

मला जळायला झालं. म्हटलं, "तुले काय माहीत एवढं?"

तू म्हणाली, "दारात उभी राहून राहून."

औषधांनी केस गेले. मी माझा दुपट्टा तुझ्या डोक्याला बांधून दिला, जसा मला बांधता येतो तसा. तू आरशात पाहिलं आणि एवढी हसली की सविता चुलीवरचं सोडून आली. "आता मले गावचं पाटील करा," म्हणाली. मला हसू आलं नव्हतं. आता येते, भलत्या वेळी येते.

ऑपरेशनला मी नाही म्हटलं. अंग कापायचं नाही, जे आहे ते घरी भोगू. रमेश ऑपरेशनच्या मंजुरीचा कागद धरून उभा, सविता रडते. तू कॉटवर बसलेली. प्रौढांच्या वर्गात तू सही शिकली तेव्हा मी तुझी टिंगल केली होती, आठवते? म्हातारी आता कलेक्टर होणार म्हणून. तू रमेशजवळून कागद घेतला. "सही मी करतो. अंग माहं हाये." पाच मिनिटं लागली तुला तीन अक्षरं काढायला. मी सगळ्यांसमोर उठून व्हरांड्यात निघून गेलो. आपल्या संसारातलं ते पहिलं भांडण जे तू जिंकली, आणि मी तुला तसं कधी म्हटलं नाही. आता म्हणतो. तू बरोबर होती. त्या सहीनं मला तुझ्यासंग एक वर्ष जास्त दिलं.

त्या वर्षातली एक दुपार. सविता भावाच्या लग्नाला दोन दिवस माहेरी गेली होती, आणि तुझी पट्टी बदलायची होती. शेजारच्या जनाबाईला बोलावतो म्हटलं, तर तू म्हणाली, "कायले? तुम्ही आहा ना." मी खिडकी लावायला गेलो. तू म्हणाली, "राहू द्या. अंधारात काय दिसंन तुमाले?"

पन्नास वर्षांच्या संसारात मी तुला उजेडात पहिल्यांदा पाहिलं. डाव्या बाजूला काखेपर्यंत गेलेली शिवण, पोत्याला सुतळीनं घालतो तशी. खालून नळी निघालेली, बाटलीत लालसर पाणी. माझे हात बैलांच्या जखमा बांधणारे, तशीच पट्टी ओढली. तू म्हणाली, "हळू. गाय नाई मी." मी हळू केलं. पट्टी लावून झाली आणि माझ्या तोंडाशी आलं, वच्छला, ती बाई तूच होती का? अगदी जिभेवर आलं. तुलाही कळलं असावं, कारण तू माझ्या तोंडाकडं पाहत थांबली होती. मग मी बाटली उचलली आणि तू म्हणाली, "चहा ठेवा आता."

मी चहा ठेवला. त्यानंतर कधी ती वेळ आली नाही. तुझी पाठ दुखायला लागली, मग कळलं की हाडात गेलं. शेवटल्या महिन्यात तुला भाकर आणि आंबाडीची भाजी पाहिजे होती, ती पोटात ठरली नाही. शेवटल्या दिवशी तू कोणालाच काही बोलली नाही. मला वाटत होतं, निदान शिवी तरी देशील.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्या आणि जनाबाई माझ्याजवळ येऊन बसली. तुम्ही दोघी एकाच वर्षी या गल्लीत नवऱ्या म्हणून आल्या.

"भाऊजी, एक सांगू? रागावसान."

"सांग."

"वच्छलानं शपथ घातलती, ती होती तंवर सांगता येत नोतं. मीनाच्या वक्ती तिचा ताप कायनं उतरला, माहीत हाये? नर्सबाईच्या गोळ्यानं. म्या आणून देल्त्या, पदरात लपवून. नर्सबाई म्हणे लेकराले पाजत राह्य, गरम फडक्यानं शेक, दूध काढ. तुमच्या मायनं तं पोर दूर केलती. माय शेतात गेली का आम्ही पाजून घ्यायचो. नाईतर ते पिकलं असतं आन् चिरा द्या लागला असता."

"आन् लेप?"

"लेपानं थंडक वाटे बापा. नाई कोण म्हणते!" ती हसली आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. "तुम्ही ओसरीवर वाटून राह्यले, आन् वच्छला आतमधी बाईच्या कानात सांगून राह्यली. हा लाव, मालकाचं मन राह्यते, पण उद्या पयल्या बसनं वर्ध्याले जा. एकीचं दर महिन्याले दुखे, तिले म्हणे, चांगलं मापाचं झंपर शिवून घे, काई नाई झालं तुले, पण एकडाव दाखवून ये. एकीच्या छातीच्या बोंडातून रगत ये, तिले तं स्वतः बसमधी बसवून देलं. एकीची कडक गाठ होती. तिचं आपरेशन झालं, दहा वर्षं झाले. आत्ता तुमच्यासमोर पंगतीत जेवून गेली. नाव नाई सांगत."

वच्छला, त्या दिवशी मला दुःख झालं नाही. राग आला. एवढा राग, की तुझ्या फोटोला हार घालायला मी उठलो नाही, रमेशनं घातला. चाळीस वर्षं माझा लेप लागू पडत होता असं मी समजत होतो, आणि लागू पडत होती तू. बरं, मला फसवलं, फसव. माझं मन राखलं, राख. पण सगळ्या गावाच्या बायांना बसमध्ये बसवून दिलं आणि स्वतःला काऊन नाही? स्वतःच्या वेळी तू माझ्या दारात काऊन आली? तुला ठाऊक होतं त्या पानात काय आहे आणि काय नाही.

याचं उत्तर मला माहीत आहे. लेपवाल्याची बायको दवाखान्यात गेली असती तर माझी मान खाली गेली असती. परवानगी कोणत्याच बाईला लागली नाही, फक्त तुला लागली. तीनदा मागितली तू. तीनदा.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या ओसरीवर बसलो होतो, आणि मीना म्हणाली, एक बाई हाये.

दुसऱ्या दिवशी सहाला आंजीच्या स्टँडवरून आर्वीची बस धरली, आर्वीहून तळेगावची. रमेश म्हणे मी गाडीवर जातोच आहे, तुम्ही कायले? मी म्हटलं, तू बियाणं आण. मीना अंगणात गहू निवडत होती. मला पाहून उठली, माझ्या हाताकडं पाहिलं.

"लेप?"

"आणला नाई."

"काऊन?"

"ती बाई कुठं हाये?"

ती सुपाकडं पाहायला लागली. तुझ्यासारखंच खाली पाहते, कपाळाला तेवढ्याच दोन आठ्या. मी म्हटलं, "मीना, ती बाई तू असशील तं चाल. नसशील तं तिले हाक मार, तिले घेऊन जातो. मी खाली हातानं परत जाणार नाई."

ती रडायला लागली. आईच्या शेवटच्या महिन्यापासून गाठ आहे म्हणाली. "आईले नेलं तं आई आलीच नाई ना, बाबा. मले वाटलं, लेपानं निदान मरत तं नाई माणूस."

मी तिच्या सुपाजवळ खाली बसलो. मग मी तिला बापानं लेकीला सांगू नये ते सांगितलं. "आई दवाखान्यानं गेली नाई. उशिरानं गेली. उशीर माहा होता."

तिनं सूप बाजूला सारलं. डोळे पुसून म्हणाली, "पण तुमच्यासंग? मले लाज वाटते."

"मलेही वाटते. दोघं मिळून लाजू."

रात्र जावयाकडं काढली आणि सकाळच्या बसनं वर्धा. डॉक्टरीण तीच. या वेळी तिनं मीनाला विचारलं की वडिलांना बाहेर बसवू का, तर मीना म्हणाली, राहू द्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळा गोल डाग दिसला, विहिरीत वरून पाहावं तसा. डॉक्टरीण म्हणाली, "हे पाणी आहे." सुई घातली आणि फिक्या चहासारखं पाणी नळीत चढत गेलं. मीनानं हात लावून पाहिलं. गाठ नव्हती.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच, बाबा. पाण्याची पिशवी होती. पुन्हा भरली तर पुन्हा पाहू. पण आईला कॅन्सर होता, म्हणून हिनं दर वर्षी तपासून जायचं. टाळायचं नाही."

मीना कपडे नीट करत होती. मी टेबलाजवळ गेलो. म्हटलं, "डॉक्टरीणबाई, तो लेप कोण्या बाईनं देल्ला नोता. मी देल्ला होता."

ती लिहिता लिहिता थांबली. "मला माहीत होतं बाबा. त्या दिवशी तुमची नखं पिवळी होती."

तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं. समोर बसून, पाच मिनिटांत, परक्या बाईनं.

परतीच्या बसमध्ये मीना खिडकीशी बसली. खरांगण्याच्या अलीकडं तिनं विचारलं, बाहेर पाहत विचारलं, "बाबा, आई तीनदा आल्ती ना तुमच्याजवळ? तिनं मले सांगतलं होतं. तुमाले तवा खरंच माहीत नोतं?"

"नाई," मी म्हटलं.

तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपली. लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं ठेवून.

मीनाला नाही म्हणता आलं. तुला म्हणता येत नाही. मी वर लिहिलं की तिसऱ्या वेळी मी पाट्यावरून मान वर केली नाही. ते खोटं आहे, वच्छला. केली होती. उन्हं तिरपी झाली होती आणि ती सगळी तुझ्या अंगावर होती. तू पदर घेतला नव्हता. तू, जी माझ्यासमोरही पदराशिवाय कधी उभी राहिली नाही. तुझ्या फिक्या झंपराला डाव्या बाजूला आंबेहळदीचा ओला पिवळा डाग फुटून आला होता, माझ्या तळव्याएवढा.

मी तो पाहिला. मग मान खाली घातली आणि वाटत राहिलो.